घरपट्टीची पावती जपा
(बैठकीतील भाषण)



जळगाव जामोद, संग्रामपूर तालुक्यांत सातपुड्याच्या कुशीत आपण भिल, भिलाला, कोरकू, निहाल राहतो. ग्रामपंचायत आपल्याकडून घरपट्टी घेते, वर दिवाबत्ती कर. दिव्याचा खांब कुठं आहे ते विचारू नका! पट्टी थकली की दाखला अडतो. म्हणजे पैसे घेताना आपण गावचे रहिवासी, आन् नाकेदार आला की तेच घर, तेच वावर अतिक्रमण!

असं कसं चालंल? वनहक्क कायदा 2006 चा. त्याच्या 2008 च्या नियमांत 13 वा नियम पुराव्यांचा आहे. घरपट्टीची पावती त्यात पुरावा म्हणून लिहिलेली आहे. ताबा 13 डिसेंबर 2005 च्या आधीचा पाहिजे, तेव्हा जुन्या पावत्या शोधा. आमच्या घरी निम्म्या उंदरांनी खाल्ल्या. किमान दोन पुरावे लागतात. दुसरा म्हणून स्वतः दावेदार नसलेल्या म्हाताऱ्या माणसाचा लेखी जबाब चालतो. पडताळणी पुरी होईस्तोवर कलम 4(5) प्रमाणे आपल्याला जमिनीवरून हटवता येत नाही.

दाव्याला झेरॉक्स जोडा, अस्सल पावती कुणालाच देऊ नका. आन् वनहक्क समितीकडून लेखी पोच घेतल्याबिगर उठू नका.