घरमालकाची ऐपत कोण मोजणार?



 

घरमालकांच्या सभेत बदललेल्या नियमांचा आढावा अध्यक्षानं घ्यावा अशी प्रथा आहे. महिन्याचं भाडं 50,000 रुपयांच्या वर असेल तर राहणाऱ्यानं कापायचा कर ऑक्टोबर 2024 पासून पाचावरून दोन टक्क्यांवर आला. राहत्या घराचं भाडं धंद्याचं उत्पन्न म्हणून दाखवायची वाट त्याच वर्षीच्या अर्थसंकल्पानं बंद केली. घर भाड्यानं दिल्याबद्दलचे नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस सोसायटीला सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून जास्त लावता येत नाहीत. हा आदेश 2001 चा आहे, तरी त्यावरून आजही पत्रं लिहावी लागतात. आढावा इथेच थांबवतो. मला एकच गोष्ट बोलायची आहे आणि तिला आजवर व्यासपीठ मिळालं नाही.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 31 मार्च 2000 ला अमलात आला. त्याच्या तिसऱ्या कलमानं बँका, सरकारी महामंडळं, बहुराष्ट्रीय कंपन्या आणि एक कोटी किंवा त्याहून जास्त भरणा भांडवलाच्या कंपन्या यांना भाडेकरू म्हणून मिळणारं संरक्षण काढून घेतलं. योग्यच केलं. भाडेकरूची ऐपत मोजायला कायदा तेव्हा शिकला. घरमालकाची ऐपत त्यानं कधी मोजली? मजलेच्या मजले भाड्यानं देणारा मालक आणि प्रॉव्हिडंट फंडातून घेतलेल्या एकुलत्या एक फ्लॅटच्या भाड्यावर औषधपाणी करणारी बाई, दोघांना एकाच रांगेत उभं केलं जातं. ही माझी तक्रार आहे.

ही रांग कुठून आली ते पाहा. 1947 चा मुंबई भाडे कायदा गिरगाव-लालबागच्या चाळींसाठी झाला आणि त्यानं भाडं 1 सप्टेंबर 1940 च्या दरावर बांधून ठेवलं.  पुढे 1 फेब्रुवारी 1973 रोजी लीव्ह अँड लायसन्सवर राहत असलेल्यांना कायद्यानं भाडेकरू ठरवलं. त्या तारखेच्या धसक्यानं किती कुटुंबांनी दुसरं घर वर्षानुवर्षं कुलूप लावून ठेवलं, ते मी अशिलांच्या तोंडून ऐकलंय. प्रमाण भाड्याच्या तरतुदी आता मनमानी ठरल्या आहेत, हे सर्वोच्च न्यायालयानं 1997 मध्ये सांगितलं. नव्या कायद्याच्या चोविसाव्या कलमानं लीव्ह अँड लायसन्सच्या मालकाला मुदत संपताच ताबा मागण्याचा सरळ मार्ग दिला आणि तो धसका ओसरला. आयआयटीचे विद्यार्थी आणि हिरानंदानीतल्या कचेऱ्यांमधली तरुण मुलं आज इथे घर भाड्यानं घेऊ शकतात, ते या कलमाच्या भरवशावर.

सकाळी वाद रंगला की केंद्राचा 2021 चा आदर्श घरभाडे कायदा आपण मागावा की नाही. एक मित्र दोन महिन्यांच्या अनामतीवर चिडले, दुसऱ्यांना नवं भाडे प्राधिकरण हवंहवंसं वाटलं. मी दोघांना चांदिवलीच्या एका निवृत्त शिक्षिकेची केस सांगतो. पती गेल्यावर त्या मुलीकडे राहायला गेल्या आणि फ्लॅट लायसन्सवर दिला. करार नोंदवला, पोलिसांना कळवलं, सोसायटीचं पत्र घेतलं. मुदत संपली, पण राहणारा हलेना. आम्ही वांद्र्याला सक्षम प्राधिकाऱ्यांकडे अर्ज केला. समोरच्यानं तीस दिवसांच्या आत बचावाची परवानगी मागितली आणि त्याला ती मिळाली. इथून पुढे शक्यतो सहा महिन्यांत निकाल द्यावा असं कायदा म्हणतो. आम्हाला मिळत गेल्या तारखा. कधी अधिकाऱ्यांची बदली, कधी निवडणुकीचं काम, कधी समोरच्या वकिलांचा अर्ज. दुप्पट नुकसानभरपाई कागदावर साचत होती आणि सोसायटीचं बिल बाई भरत होत्या. त्यासाठी त्यांनी उतारवयात पुन्हा शिकवण्या सुरू केल्या. एकदा मला म्हणाल्या, ‘वकीलसाहेब, नियमानं सांगितलं ते सगळं मी केलं. आता माझ्याकडून काय राहिलं?’

त्यांना द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अनामत दोन महिन्यांची असती काय किंवा सहा महिन्यांची असती काय, त्या तारखांत ती केव्हाच संपली असती. प्राधिकरणाची पाटी बदलली आणि रांग तीच राहिली, तर त्या बाईंना काय मिळणार? माझ्यापुरता हा वाद इथे मिटतो.

वेगळी रांग मागितली, की मालकामालकांत फरक करता येत नाही, असं मंत्रालयात सांगतात. मग आपल्याच भाडे नियंत्रण कायद्याच्या तेविसाव्या कलमात सैनिक आणि शास्त्रज्ञ यांना स्वतःच्या राहण्यासाठी घर परत मिळवण्याची वेगळी वाट कशी दिली? दिल्लीच्या भाडे कायद्यात 1988 मध्ये विधवा घरमालकिणीसाठी वेगळं कलम कसं आलं? याच पवईच्या जमिनीसाठी 1986 मध्ये झालेल्या त्रिपक्षीय करारात 40 आणि 80 चौरस मीटरच्या घरांची अट शासनानंच घातली होती आणि 2012 मध्ये उच्च न्यायालयानं तिची आठवण करून दिली. घराचा आकार मोजता येतो, तर मालकाची ऐपतही मोजता येईल.

मागणी अशी: ज्याचं 80 चौरस मीटरपर्यंतचं एकच घर भाड्यानं दिलेलं आहे, त्याच्या अर्जाला वेगळी रांग द्या, सहा महिन्यांची मुदत सक्तीची करा आणि बचावाची परवानगी देताना राहणाऱ्याकडून दरमहाची रक्कम जमा करून घ्या. मसुदा कार्यकारिणीनं करावा, बारकावे पुढे ठरवता येतील.

घरमालकांनाही दोन शब्द ऐकावे लागतील. अकरा महिन्यांचा नोटरी केलेला कागद पुरतो, ही समजूत सोडा. भाडे नियंत्रण कायद्याच्या पंचावन्नाव्या कलमाखाली करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मुदत कितीही असो. नोंदवला नाही तर राहणारा सांगेल त्या अटी खऱ्या धरल्या जातात आणि तुम्हाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. आणि जात, धर्म, आहार विचारून घर नाकारणाऱ्यासाठी मी ही सवलत मागत नाही.

ज्यांचे अर्ज वांद्र्याला पडून आहेत त्यांनी अर्जाची तारीख आणि आजवर मिळालेल्या तारखा एका कागदावर लिहून, जाण्यापूर्वी नोंदणीच्या टेबलावर द्याव्यात. निवेदनाला तेच कागद जोडायचे आहेत.