न बांधलेलं धरण

सहलीला गेलेली माणसं किल्ले पाहतात, धबधबे पाहतात, धरणंही पाहतात. मी मात्र काही वर्षांपूर्वी एका धरणाची जागा पाहून आलो. ते धरण कधी बांधलंच गेलं नाही.

केरळच्या पलक्कड जिल्ह्यात, निलगिरीच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, सायलेंट व्हॅली नावाचं राष्ट्रीय उद्यान आहे. मुक्काली गावापर्यंत आपली गाडी. पुढे वनखात्याच्या परवानगीची जीप. त्या जीपमध्ये तेवीस किलोमीटर हाडं खिळखिळी करून घेतली, की सैरंध्री येतं. हो, द्रौपदीचंच नाव. पांडव इथं राहून गेले अशी तिकडची समजूत. नदीही कुंतीची, कुंतीपुळा. इंग्रजी नावाबद्दल असं सांगतात, की झाडांवर किरकिरणारे सिकाडा किडे इथं नाहीत, म्हणून ही दरी ‘सायलेंट’. आमच्या वाटाड्याला मी हे विचारलं. तो हसला आणि नुसतं कानाकडे बोट केलं. सगळं रान किरकिरत होतं!

सैरंध्रीला तीस मीटर उंचीचा मनोरा आहे. वर चढताना माझा श्वास फुलला, पण वर गेल्यावर ‘सिंहवालन’ दिसला. काळंभोर अंग, तोंडाभोवती करडी आयाळ, शेपटीच्या टोकाला सिंहासारखा गोंडा. हे माकड पश्चिम घाटाबाहेर जगात कुठेच नाही. क्युलेनिया नावाच्या उंच झाडाची फुलं आणि फणसासारखी काटेरी फळं हे त्याचं मोठं अन्न. जमिनीवर ते क्वचित उतरतं. म्हणजे झाडाला झाड लागून असेल, तरच त्याचा रस्ता शाबूत.

त्याच मनोऱ्यावरून वाटाड्यानं खालची अरुंद घळ दाखवली. धरण तिथं होणार होतं. १९७३ मध्ये त्याला मंजुरी मिळाली होती. सुमारे १३० मीटर उंचीची भिंत, १२० मेगावॉट वीज आणि पाण्याखाली ८३० हेक्टर रान. वीज मागणारे काही खलनायक नव्हते. मलबारात खरोखरच अंधार होता. त्यांचा सवाल रोकडा होता : माणूस मोठा की माकड?

केरळ शास्त्र साहित्य परिषदेच्या मास्तरमंडळींनी हिशेब मांडून दाखवला, की वीज दुसरीकडूनही आणता येईल. मुंबईहून सलीम अलींनी रानाच्या बाजूनं शब्द टाकला. आणि कवी उतरले. सुगतकुमारींनी झाडाची स्तुती लिहिली, ती सभांच्या सुरुवातीला प्रार्थनेसारखी म्हटली जाई. विरोधक या मंडळींना ‘मरक्कविकळ’ म्हणून चिडवत. मरम् म्हणजे झाड. म्हणून हे झाडकवी! मराठीत अशी शिवी कुणाला मिळाल्याचं माझ्या ऐकण्यात नाही. मिळायला हवी होती.

कवितेनं धरण थांबलं, असं मी म्हणणार नाही. एम. जी. के. मेनन समिती नेमली गेली, दिल्लीत निर्णय झाला आणि १५ नोव्हेंबर १९८४ रोजी राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं. पण ज्यांनी हे रान जन्मात पाहिलं नव्हतं, त्यांना ते आपल्या परसातलं वाटू लागलं, ते या झाडकवींमुळे. सुगतकुमारी २०२० च्या डिसेंबरात कोविडनं गेल्या.

लढाई एकदाच जिंकून भागत नाही. २००० नंतर याच नदीवर, थोडं खाली, पात्रक्कडवूचा नवा प्रकल्प पुढे आला. मग २००७ मध्ये उद्यानाच्या जेमतेम ९० चौरस किलोमीटरभोवती आणखी १४८ चौरस किलोमीटरचं संरक्षक रान जोडलं गेलं.

मनोऱ्याकडून पायवाटेनं आम्ही नदीपर्यंत उतरलो. तळाचा गोटान् गोटा दिसत होता. मी चपला काढू लागलो, तसा वाटाडा म्हणाला, “हात बुडवा साहेब, पाय नको.”