आपल्याच जिल्ह्यात पाहुणे कशाला?



सुट्टी लागली की आपण मुलांना आग्रा, अजमेर, हैदराबाद दाखवतो. पण पुणे जिल्ह्यात राहून गंज पेठेतला फुलेवाडा आपल्यापैकी किती जणांनी पाहिलाय? माझं आजचं म्हणणं साधं आहे. जिल्ह्यातली जुनी घरं, संग्रहालयं मुलांना दाखवा आणि तिथे पाहुण्यासारखे वागू नका.

महिन्यातला एक रविवार मी मुलीला घेऊन असा फिरतो. राजा दिनकर केळकर संग्रहालयात मस्तानी महाल आहे. तो मूळचा कोथरूडचा. केळकरांनी इथे आणून पुन्हा उभारला. मस्तानीची कबर जिल्ह्यातच, पाबळला आहे. तिचा मुलगा समशेर बहादूर १७६१ मध्ये पानिपतावर मराठ्यांकडून लढला आणि त्या लढाईतल्या जखमांनीच गेला.

नगर रस्त्यावरचा आगाखान पॅलेस सुलतान मुहम्मद शाह आगाखान यांनी १८९२ मध्ये बांधला. १९४२ मध्ये इंग्रजांनी गांधीजींना तिथे स्थानबद्ध केलं. महादेवभाई देसाई आणि कस्तुरबा यांचा मृत्यू तिथेच झाला. दोघांच्या समाध्या आवारात आहेत. नंतर आगाखान घराण्याने वास्तू देशाला दिली. मुलीने विचारलं, "अब्बा, मग हे घर मुसलमानांचं की गांधीजींचं?" मी म्हटलं, "आता देशाचं. म्हणजे तुझंही."

‘तुमचा इतिहास इथला नाही’ असं मुलांना कुणी ऐकवलं, तर उत्तर त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं असावं. पण फक्त मुसलमान नावं मोजत फिरू नका. आपण सत्यशोधकांचा वारसा सांगतो, तर पुरावा असेल तेवढंच बोलावं. सावित्रीबाईंच्या १० ऑक्टोबर १८५६ च्या पत्रात फातिमाचा उल्लेख आहे. मुलांना तो जरूर सांगा, पण मोबाइलवर फिरणाऱ्या गोष्टी त्याला जोडू नका. त्या एका उल्लेखाचं मोल तेवढ्यानेच पुष्कळ आहे.

आणि फुलेवाड्यातला हौद नीट पाहा. १८६८ मध्ये जोतीरावांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. या गोष्टीत मुसलमान नाव नाही. तरीही ती आपली आहे, कारण प्रश्न आपल्याही घरातला आहे. आपल्याकडे सोयरीक जुळवताना बिरादरी विचारली जात नाही का? सफाई करणाऱ्या घरातल्या माणसाला आपण दस्तरखानावर शेजारी बसवतो का? हौदाजवळ उभं राहून मुलांनी हे विचारलं, तर उत्तर आपल्याला द्यावं लागेल. त्याची तयारी ठेवूनच जा.

येत्या रविवारी सकाळी आपण फुलेवाड्यात जमू. घरातल्या बायकांनाही घेऊन या. स्वयंपाकाचं परत आल्यावर सगळे मिळून बघू.