डोळ्याचा पडदा आणि आपला घाट
(मंडळाच्या वार्षिक समारंभातील भाषण)



हळदीकुंकवाला जमलो की आपण मोतीबिंदूविषयी पुष्कळ बोलतो. डोळ्याच्या पडद्याविषयी मात्र कोणी बोलत नाही. डोळ्याच्या आत, पाठीमागच्या भिंतीला, एक पातळ नाजूक अस्तर असते. तेच दृष्टिपटल. समोरच्या वस्तूची प्रतिमा त्यावर उमटते आणि मेंदूकडे जाते. मोतीबिंदूत भिंग बदलता येते. हे पटल मात्र बदलून मिळत नाही.

गेल्या आषाढात माझ्या जाऊबाईंच्या डोळ्यापुढे विजा चमकू लागल्या, काळे ठिपके तरंगू लागले. दुखत काहीच नव्हते. "नंबर वाढला असेल," असे म्हणत चार दिवस गेले. पाचव्या दिवशी एका बाजूने काळा पडदा ओढल्यासारखे झाले. पटलाला भोक पडले होते, त्यातून डोळ्यातले पाणी मागे शिरले आणि भिंतीचा पोपडा सुटावा तसे पटल सुटले होते. नुसते भोक असतानाच गेले, तर बहुधा लेसरने काम भागते. सुटल्यावर शस्त्रक्रियाच करावी लागते. 1920 च्या सुमारास स्वित्झर्लंडमधील लोझानच्या डॉ. गोनँ यांनी हे भोक बुजवण्याची वाट दाखवली. त्यापूर्वी अशा डोळ्याची आशाच सोडून देत.

जाऊबाईंची शस्त्रक्रिया पुण्यास झाली. पटल जागी दाबून धरण्यासाठी डोळ्यात गॅसचा बुडबुडा सोडला होता. गौरींना घरी येण्याचा त्यांनी हट्ट धरला, तेव्हा डॉक्टरांनी घाट चढण्यास साफ मनाई केली. पुणे सुमारे 560 मीटर उंचीवर, आपले महाबळेश्वर सुमारे 1,370 मीटरवर. खालून आणलेली वेफर्सची पाकिटे आपल्या दुकानांत कशी टम्म फुगतात, ते आपण पाहतोच. तसाच तो बुडबुडा फुगतो, डोळ्यातला दाब वाढतो आणि वाचलेली दृष्टीही जाऊ शकते. गॅसच्या प्रकाराप्रमाणे तो विरायला साधारण दोन ते आठ आठवडे लागतात. तोवर डॉक्टरांच्या परवानगीवाचून घाट नाही, विमान नाही.

मधुमेह असणाऱ्या भगिनींनी आणखी एक ध्यानात ठेवावे. साखरेने पटलाच्या बारीक रक्तवाहिन्या पाझरू लागतात, आणि आरंभी दिसण्यात काहीच फरक पडत नाही. म्हणून दिसत असले तरी वर्षातून एकदा, औषध घालून बाहुली मोठी करून, पटल तपासून घ्यावे. वेळीच कळले तर लेसरने किंवा डोळ्यातील इंजेक्शनांनी बरीच दृष्टी राखता येते.

जाऊबाई आता घरी आहेत. दिसते, पण सुई ओवायला अजून नातीला हाक मारावी लागते. पाऊस आहे, गाडी नाही, घरी पाहुणे आहेत, ही कारणे त्या चार दिवसांत मीही त्यांना सांगितली होती. आपण ती सांगू नका. विजा, ठिपके किंवा पडदा दिसला, की त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे निघा.