बावखलांतील कमळें

(महोत्सवाच्या सभेंत केलेलें भाषण)



आपल्या देवालयाच्या महोत्सवास आपल्या या लेकरास बोलावून आपण जो मान दिला, त्याबद्दल आम्ही आपले ऋणी आहों. सध्यां आम्ही दुसऱ्या धर्मग्रामाची सेवा करीत असलों, तरी आमची नाळ याच वसईच्या मातींत पुरलेली आहे. "बालपणचें गांव" या विषयावर चार शब्द बोलावे, अशी आम्हांस आज्ञा झाली आहे. विषय गोड आहे; परंतु आम्ही जें सांगणार आहों, तें सगळेंच गोड नाहीं.

गांव म्हणतांच आम्हांस प्रथम आठवतें तें घरामागचें बावखल. येथें बसलेल्या पुष्कळ मुलांनीं हा शब्द केवळ ऐकला असेल, म्हणून सांगतों. आपल्या किनाऱ्याची जमीन रेताड, आणि समुद्र हांकेच्या अंतरावर. जमिनीच्या पोटांत खालीं खारें पाणी आणि त्यावर पावसाच्या गोड्या पाण्याचा थर. हें ओळखून आपल्या पूर्वजांनीं वाडीवाडींतून हीं तळीं खणलीं. पावसाळ्यांत सभोंवारचें पाणी त्यांत उतरे, हळूहळू जमिनींत मुरे, आणि विहिरींचें पाणी वैशाखांतही गोड राही. त्याच पाण्यावर केळी, पानवेली आणि भाजीपाला होई. आणि त्याच केळींच्या पैशांतून आमची शाळेची फी भरली जाई.

इ. स. १९७९ सालची गोष्ट. आम्ही तेव्हां नऊ वर्षांचे होतों. घरीं आम्ही चार भावंडें: चौदा वर्षांची थोरली बाय, बारा वर्षांचा दादा, मग आम्ही, आणि सहा वर्षांचा धाकटा. पवित्र मरियामातेच्या जन्माचा सण ८ सप्टेंबरला. त्याआधींच्या नोव्हेनेंत आम्ही मुलें रोज मातेच्या चरणीं फुलें वाहत असूं. सणाच्या आदल्या दिवशीं दादाच्या मनांत आलें कीं, उद्यां आपलीं फुलें साऱ्या गांवांत सरस असलीं पाहिजेत. बावखलाच्या मधोमध पांढरीं कमळें फुललीं होतीं. "बाबांना विचारल्यावांचून पाण्यांत कोणी उतरायचें नाहीं," असें बजावून बाय धुणें घेऊन विहिरीवर गेली.

ती दिसेनाशी होतांच दादानें घड काढलेल्या केळींचे तीन खांब ओढीत आणले. वाळक्या सोपटाच्या दोरीनें ते बांधण्याचें काम आमच्याकडे आलें. आम्हांस घाई होती. दोन्हीं टोकांस बांधावयाचें तें मध्यें एकदांच बांधलें. दादानें विचारलें, "गांठ पक्की आहे ना?" आम्हीं सांगितलें, "पक्की." धाकटा वजनानें हलका, म्हणून त्याला तराफ्यावर बसविलें. त्यानें तीन कमळें खुडलीं. चौथ्यासाठीं तो वांकला, आणि खांब एकमेकांपासून सुटले.

पाण्यावर फक्त कमळें राहिलीं. दादा ओरडत बाबांना बोलावण्यास धांवला. आम्ही मात्र कांठावर खिळून राहिलों; तोंडांतून शब्द फुटेना. इतक्यांत धुणें टाकून आलेली बाय आमच्या अंगावरूनच पाण्यांत शिरली. तिनें धाकट्यास केसांना धरून वर काढलें, पालथा घातला, पाठीवर थापट्या मारल्या, तेव्हां तो रडला. त्या रडण्याइतका गोड आवाज आम्हीं पुढें कधीं ऐकला नाहीं.

संध्याकाळीं जपमाळ झाल्यावर बाबांनीं विचारलें, "तराफा कोणीं बांधला?" दादानें मान खालीं घातली. आम्हींही घातली. बाय म्हणाली, "मीं बांधला, बाबा." बाबांनीं तिला मारलें नाहीं, परंतु सणाच्या मिरवणुकींत फुलें घेऊन चालण्यास तिला मनाई झाली. तिच्या नव्या झग्याची घडी मोडली नाहीं. दादानें काठीनें ओढून घेतलेलीं तीं तीन कमळें आम्हींच हातांत धरून चाललों. लोकांनीं फुलांचें कौतुक केलें, आणि आम्ही गप्प राहिलों.

पुढें आम्ही सेमिनरींत गेलों, यथाकाल दीक्षा झाली. इ. स. २००३ मध्यें, बाबा देवाघरीं गेल्यानंतर, घरच्या वाटणीचा प्रश्न निघाला. बावखल बुजवून ती जागा इमारतीसाठीं द्यावी, असें ठरत होतें. दादापुढें मुलांच्या शिक्षणाचा खर्च होता; त्याला आम्ही दोष देत नाहीं. एकटी बाय म्हणाली, "बावखल बुजवलें, तर पावसाचें पाणी जाईल कुठें?" सर्वांनीं आमच्याकडे पाहिलें. आमचा शब्द चालला असता. पण भावंडांत वितुष्ट नको, असें मनास समजावून आम्हीं सही केली. त्यास आम्ही तेव्हां शांति म्हणालों. त्याचें खरें नांव भ्याडपणा.

इ. स. २०१८ च्या जुलैंत आपला सारा वसई-विरार परिसर पाण्याखालीं गेला, आगगाड्या थांबल्या, वीज गेली, हें आपण सर्वांनीं भोगलें. त्या वेळीं आमच्या घरांत गुडघाभर पाणी शिरलें. दादा फोनवर म्हणाला, "पाणी आपली जुनी जागा शोधीत आलें आहे." त्याच घरची विहीर आज मचूळ झाली आहे. एका बावखलामुळें पूर आला, असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु प्रत्येक घरानें आपल्यापुरतें एकच बुजविलें, आणि प्रत्येक घरांत कोणीतरी आमच्यासारखा गप्प बसला, हें तर खरें ना?

पवित्र शास्त्रांत इसहाकाची कथा आहे. त्याच्या बापाच्या वेळच्या विहिरी पलिष्ट्यांनीं मातीनें बुजविल्या होत्या. त्या त्यानें पुन्हां खणल्या. आपल्या विहिरी बुजविण्यास कोणी पलिष्टी आले नाहींत. तें काम आपणच केलें. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनीं इ. स. २०१५ मध्यें 'लाउदातो सी' हें परिपत्रक काढून पृथ्वीस आपलें सामाईक घर म्हटलें. त्या घराचें आपल्या वांट्यास आलेलें अंगण म्हणजे हें गांव होय.

म्हणून महोत्सवाची एक भेट आम्ही आपल्याकडे मागतों. उरलेलीं बावखलें वाडीवाडीनें पाहून या, पावसापूर्वीं त्यांतला गाळ काढा, आणि ज्या घरांत बुजविण्याची गोष्ट निघेल, तेथें वेळींच बोला. गांवावरील प्रेम आठवणींत पुष्कळ दिसतें. त्याची खरी परीक्षा सहीच्या वेळीं होते.

आज बाय समोरच्या रांगेंत बसली आहे. बाय, ती गांठ आमची होती. पंचेचाळीस वर्षांहून अधिक काळ हें सांगावयाचें राहून गेलें. आज या सर्वांच्या देखत सांगतों, आम्हांस क्षमा कर.

येत्या ८ सप्टेंबरला मातेच्या चरणीं पुन्हां बावखलांतलीं कमळें यावीं, आणि तीं बायच्या हातांत असावीं, एवढीच आमची प्रार्थना. मात्र तराफा बांधण्याचें काम आमच्याकडे देऊं नका.

प्रभु आपणां सर्वांचें कल्याण करो.