वारंवार येणारी भोवळ : घरगुती उपचारांचे सामर्थ्य आणि मर्यादा



स्वातंत्र्यदिनाची सकाळ आहे. शाळेच्या पटांगणात मुलेमुली रांगेने उभी आहेत. ध्वजवंदन झाले, राष्ट्रगीत झाले. पाहुण्यांचे भाषण मात्र लांबत चालले आहे. पावसाने उघडीप दिल्यामुळे ऊन चटकू लागले आहे. आठवीच्या रांगेतील एका मुलीचा चेहरा पांढराफटक पडतो, कपाळावर घाम डवरतो, डोळ्यांपुढे अंधारी येते आणि ती जागीच कोसळते. त्यानंतरची दोन मिनिटे बहुतेक गावांतून सारखीच असतात. चौघे धावून तिला उठवून बसवतात. कोणी तोंडात पाणी ओततो, कोणी कांदा फोडून नाकाशी धरतो, कोणी पायातली वहाण काढून तिचा वास देतो. दातखीळ बसली, असे म्हणून कोणी दातांत चमचा घालू पाहतो. भोवती माणसांचे कडे पडते आणि वारा अडतो. इतक्यात मुलगी डोळे उघडते आणि सारे श्रेय कांद्याला जाते.

हाच प्रकार महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा घडला, की घरात कुजबूज सुरू होते. कोणी म्हणते फेफरे आहे, कोणी म्हणते बाहेरचे आहे. अंगारा, उतारा, देवऋषी हे सारे ओघाने येते. मुलीची शाळा सुटते आणि पुढे स्थळे पाहताना ही गोष्ट झाकून ठेवावी लागते. मूळ व्याधीपेक्षा तिच्या नावानेच मुलीचे अधिक नुकसान होते. वस्तुतः अशा मुलींपैकी बहुसंख्य मुलींना फेफरेही नसते आणि बाधाही नसते. त्यांना येते ती साधी भोवळ, आणि तिच्यावरील सर्वांत गुणकारी उपाय घरच्या घरी, बिनखर्चात करता येण्याजोगे आहेत. तथापि, भोवळीचे काही थोडे प्रकार असेही आहेत, की ज्यांत घरगुती उपायांवर विसंबणे जिवावर बेतू शकते. या दोहोंतील भेद ओळखणे हेच या विषयाचे मर्म होय.

भोवळ येते म्हणजे नेमके काय होते? मनुष्य उभा राहिला, की सुमारे अर्धा ते पाऊण लिटर रक्त पाय व पोट यांतील शिरांमध्ये उतरते. निरोगी शरीर हे तत्काळ सावरून घेते. नाडी थोडी जलद होते, रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि मेंदूचा रक्तपुरवठा कायम राहतो. दीर्घकाळ उभे राहणे, उकाडा, उपास, वेदना, भीती किंवा रक्त पाहणे यांपैकी एखाद्या कारणाने काही व्यक्तींमध्ये ही व्यवस्था अकस्मात उलटी फिरते. नाडी मंदावते, रक्तवाहिन्या सैल पडतात, रक्तदाब घसरतो. मेंदूला सहा ते आठ सेकंद रक्त मिळाले नाही, तर शुद्ध हरपते. शरीर आडवे होताच रक्त पुन्हा मेंदूकडे वळते आणि बहुधा अर्ध्या मिनिटाच्या आत मनुष्य भानावर येतो. म्हणजे कोसळणे हाच एका अर्थी निसर्गाने योजलेला उपचार आहे. कांदा फोडून आणीपर्यंत तो उपचार पूर्ण झालेला असतो! उलट, मूर्च्छित व्यक्तीला उठवून बसवणारे लोक, हेतू कितीही चांगला असला, तरी तो उपचार मोडून काढतात.

प्राचीन वैद्यांनाही हे निरीक्षण अवगत होते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात मद, मूर्च्छा आणि संन्यास अशा तीन अवस्था सांगितल्या आहेत. दोषांचा वेग ओसरला, की मद व मूर्च्छा आपोआप शमतात. संन्यास मात्र औषधावाचून शमत नाही, असा भेद तेथे स्पष्टपणे केलेला आहे. सुश्रुतसंहितेत मूर्च्छेवर शीतल जलाचे सिंचन आणि पंख्याचा वारा हे उपचार आले आहेत. चेहऱ्यावर पाणी शिंपडावे व वारा घालावा हा परंपरेचा भाग आजही निर्दोष आहे. पाणी शिंपडावे, बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र ओतू नये. गिळण्याची क्रिया त्या वेळी काम करीत नसल्याने ते श्वासनलिकेत जाऊ शकते. दातांत चमचा वा बोट घालणे हेही तितकेच घातक आहे.

तेव्हा प्रथमोपचार असा : रुग्णाला जागच्या जागी, शक्य तर सावलीत, आडवे करावे. पाय हातभर उंच धरावेत, किंवा पायांखाली दप्तर, गाठोडे, पाट असे जे हाताशी असेल ते ठेवावे. गळ्याजवळचे व कमरेचे कपडे सैल करावेत. ओकारी होत असल्यास रुग्णाला कुशीवर वळवावे. गर्भवतीला पाठीवर न निजवता डाव्या कुशीवर निजवावे. गर्भाच्या भाराखाली मोठी शीर दबल्यानेच तिला भोवळ आलेली असू शकते. शुद्ध आल्यावर दहा-पंधरा मिनिटे तरी उठू देऊ नये. पूर्ण भानावर आल्यानंतरच पाणी अथवा सरबत द्यावे.

झटके आले म्हणजे फेफरे नव्हे

मूर्च्छेत हातापायांना झटके आले, तर पाहणाऱ्यांचा फेफऱ्याबद्दलचा संशय पक्का होतो. परंतु १९९४ साली बर्लिन येथील संशोधकांनी निरोगी स्वयंसेवकांमध्ये मुद्दाम भोवळ निर्माण करून तिचे चित्रीकरण केले, तेव्हा पूर्ण शुद्ध हरपलेल्या ४२ जणांपैकी ३८ जणांच्या स्नायूंना झटके आल्याचे दिसून आले. त्यांपैकी कोणालाही अपस्मार नव्हता. फरक ओळखण्याच्या खुणा अन्यत्र आहेत. भोवळीपूर्वी घाम, मळमळ, अंधारी अशी सूचना मिळते, चेहरा पांढरा पडतो, झटके काही सेकंदच टिकतात आणि शुद्ध येताच मनुष्य ओळखीने बोलतो. अपस्मारात झटके मिनिटभर वा अधिक चालतात, चेहरा निळसर होतो, जिभेची कड चावली जाते आणि नंतर बराच वेळ गोंधळलेली अवस्था राहते. अर्थात अपस्मार असला, तरी तोही उपचारांनी आटोक्यात राहणारा आजार आहे. हिंदू विवाह कायद्यातील अपस्मारविषयक अट १९९९ च्या दुरुस्तीने काढून टाकण्यात आली, ही गोष्ट सोयरीक जमविणाऱ्यांनी लक्षात ठेवावी. भूत उतरविण्याच्या नावाखाली मारहाण करणे, मिरचीची धुरी देणे किंवा पादत्राण भिजवलेले पाणी पाजणे हा तर महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार गुन्हा आहे.

स्वयंपाकघरातील औषधे

वारंवार भोवळ येणाऱ्या व्यक्तीचे पहिले औषध पाणी होय. दिवसाकाठी दोन ते अडीच लिटर पाणी, आणि उन्हात वा गर्दीत बराच वेळ उभे राहावयाचे असल्यास निघण्यापूर्वी दोन मोठे पेले पाणी एकदम. सुमारे अर्धा लिटर पाणी झटकन प्यायल्याने थोड्याच मिनिटांत उभ्या स्थितीतील रक्तदाबाला आधार मिळतो, हे प्रयोगांनी सिद्ध झाले आहे. पाण्याच्या जोडीला मीठ. मीठ-जिरे घातलेले ताक, लिंबाचे सरबत, कैरीचे पन्हे, कोकणात व गोव्यात प्रचलित असलेली मीठ घातलेली पेज, ही सारी पेये या कामी उत्तम आहेत आणि बाजारातील रंगीत पेयांपेक्षा कितीतरी स्वस्त. मात्र ज्यांना उच्च रक्तदाब, हृदयविकार वा मूत्रपिंडाचा विकार आहे, त्यांनी वैद्यकीय सल्ल्यावाचून मीठ वाढवू नये. त्यांच्यापैकी काहींना पाण्याचेही प्रमाण ठरवून घ्यावे लागते.

दुसरे औषध तर विकतही मिळत नाही. अंधारी येऊ लागताच, जागा असल्यास, आडवे व्हावे. गर्दीमुळे ते शक्य नसेल, तर एका पायावर दुसऱ्या पायाची आढी घालून मांड्या, नितंब व पोट आवळून धरावे. किंवा दोन्ही हातांची बोटे एकमेकांत अडकवून जोराने बाहेर ओढावे. स्नायू आवळले, की शिरांतले रक्त हृदयाकडे रेटले जाते. सूचना मिळून भोवळ येणाऱ्या २२३ रुग्णांवर केलेल्या आणि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या युरोपातील एका अभ्यासात नेहमीचा सल्ला मिळालेल्यांपैकी सुमारे ५१ टक्के लोकांना पुन्हा भोवळ आली. ही युक्ती शिकविलेल्यांत ते प्रमाण सुमारे ३२ टक्के राहिले. उकिडवे बसणे हा तर त्याहूनही सोपा मार्ग. खुर्चीला सरावलेल्या देशांतून उकिडवे बसणे शिकवावे लागते. इकडे ते प्रत्येक शेतकऱ्याला व प्रत्येक गृहिणीला साधलेले आहे! उठताना मात्र घाई न करता मांड्या आवळीत सावकाश उठावे.

तिसरी गोष्ट आहाराची. सकाळी काही न खाता शाळेला वा कामाला जाणारी मुलगी, आणि वटपौर्णिमा, हरतालिका, नवरात्र यांचे कडक उपास करून दिवसभर राबणारी गृहिणी भोवळीला सहज बळी पडतात. ज्यांना हा त्रास आहे, त्यांनी निर्जळी उपास तरी टाळावा. त्यातच रक्तक्षयाची भर पडते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के भारतीय स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. प्रत्येक भोवळ रक्तक्षयानेच येते असे नाही. परंतु आधीच निस्तेज असलेल्या रक्ताला घसरलेला रक्तदाब सावरणे जड जाते. पालेभाज्या, नाचणी, कडधान्ये व त्यांवर पिळलेले लिंबू हे योग्यच. मात्र एकदा रक्तक्षय ठरला, की केवळ आहाराने तो लवकर भरून येत नाही, लोहाच्या गोळ्या घ्याव्याच लागतात. शाळांतून आठवड्याला दिली जाणारी निळी गोळी मुलींनी चुकवू नये आणि चहासोबत घेऊ नये.

येथे 'नैसर्गिक' या शब्दाविषयी थोडे सांगणे अगत्याचे आहे. झाडपाल्याचे औषध म्हणजे निरुपद्रवी, ही समजूत भोवळीच्या बाबतीत विशेष महागात पडते. डोके शांत राहावे, झोप लागावी म्हणून सर्पगंधा देण्याची चाल आहे. याच वनस्पतीने रक्तदाब उतरतो, हे मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली आपल्या शोधनिबंधाने जगापुढे मांडले. ज्याला रक्तदाब घसरूनच भोवळ येते, त्याला रक्तदाब उतरविणारी मुळी द्यावी, यासारखा उलटा उपाय दुसरा नसेल. याच्या विरुद्ध टोकाला ज्येष्ठमध. तो दीर्घकाळ व अधिक प्रमाणात घेतल्यास शरीरात मीठ साठते, रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम घटून हृदयाची लय बिघडू शकते. खोकल्यासाठी एखादी काडी चघळणे निराळे आणि भोवळीवर महिनोन् महिने चूर्ण घेणे निराळे.

वृद्धांच्या भोवळीचे स्वरूप थोडे वेगळे असते. पहाटे अंथरुणातून ताडकन उठल्यावर, भरपेट जेवणानंतर, किंवा रात्री उभ्याने लघवी करताना ते पडतात आणि खुब्याचे हाड मोडून घेतात. त्यांनी आधी कुशीवर व्हावे, मग पाय सोडून दोन मिनिटे बसावे, नंतर आधाराने उभे राहावे. रात्री लघवी बसूनच करावी, जेवण थोडे थोडे विभागून घ्यावे. रक्तदाब, लघवीचे विकार व निद्रानाश यांवरील काही गोळ्यांनीही उभे राहताना रक्तदाब घसरतो. आजोबांच्या सर्व गोळ्या पिशवीत घालून डॉक्टरांपुढे मांडणे हीच पुष्कळदा सर्वांत उपयुक्त तपासणी ठरते. गोळ्या परस्पर बंद मात्र करू नयेत. मधुमेही व्यक्तीला घाम सुटून, थरथर होऊन भोवळ येत असेल, तर साखर उतरल्याचा संशय घ्यावा आणि ती शुद्धीवर असेल तर तत्काळ साखर-पाणी द्यावे.

जेथे घरी थांबू नये

धावताना, पोहताना, ओझे वाहताना आलेली भोवळ. झोपलेल्या वा बसलेल्या स्थितीत, कोणतीही सूचना न देता आलेली भोवळ. छातीत कळ वा धडधड होऊन आलेली भोवळ. आणि घराण्यात कोणी तरुण वयात अचानक दगावले असल्यास आलेली कोणतीही भोवळ हृदयाची समजावी. लहानपणी सांधे सुजून ताप आलेल्यांत झडपांचा विकार असू शकतो. उतारवयात हृदयातील विद्युत्-संदेश अडून नाडी मंदावते व पेसमेकर बसवावा लागतो. हृदयालेख ही साधी, वेदनारहित तपासणी अशा प्रत्येकाची झालीच पाहिजे, आणि वारंवार भोवळ येणाऱ्या इतरांनीही ती एकदा करून घ्यावी. पाळी चुकलेल्या स्त्रीला पोटात दुखून भोवळ आली, काळी शौच झाली, बोलणे अडखळले, एका बाजूची शक्ती गेली, किंवा उन्हात कोसळलेल्या माणसाचे अंग भाजत असून तो बरळत असेल, तर क्षणाचाही विलंब न लावता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. उष्माघाताच्या रुग्णाचे अंग ती येईपर्यंत पाण्याने सतत भिजवीत राहावे. दोन मिनिटांत शुद्ध न येणे हेही धोक्याचेच चिन्ह. श्वास बंद असेल, तर छातीच्या मध्यावर जोराने व जलद दाब देण्यास लगेच सुरुवात करावी.

डॉक्टरांकडे जाताना, भोवळ प्रत्यक्ष पाहिलेली व्यक्ती सोबत असावी. रुग्णाला स्वतःला मधले काहीच आठवत नसते. एका वहीत प्रत्येक वेळेची तारीख, वेळ, त्या आधी काय खाल्ले-प्याले, उभे होते की बसलेले, किती वेळाने ओळख पटली आणि पाळीचे दिवस होते काय, एवढे लिहून ठेवावे. कोणाच्या मोबाइलवर प्रसंगाचे चित्रण झाले असल्यास ते डॉक्टरांना दाखवावे, गावभर फिरवू नये. निदान होईपर्यंत त्या व्यक्तीने वाहन चालवू नये, विहिरीवर एकटे जाऊ नये आणि शिडीवर चढू नये.

राहता राहिली पटांगणातली ती मुलगी. तिचा हृदयालेख निर्दोष निघाला आणि रक्तक्षयावर उपचार सुरू झाले, की तिने शाळेत यावे, खेळावे, संचलनातही उतरावे. त्या सकाळी तिने न्याहारी केली आहे ना, दोन पेले पाणी घेतले आहे ना, हे शिक्षकांनी विचारावे. तिची जागा रांगेच्या कडेला, सावलीच्या बाजूस असावी. अंधारी येऊ लागली, तर कोणाचीही परवानगी न मागता खाली बसण्याची मुभा तिला आधीच दिलेली असावी. आणि पाहुण्यांचे भाषण शक्य तर मुलांना बसवूनच व्हावे.