भौतिकोपचार सहाय्यक : शिक्षण आणि परवाना

(संस्थेच्या व्यवसाय मार्गदर्शन मेळाव्यातील भाषण)



बारावीनंतर काय, असे विचारले की आपल्याकडे डॉक्टर किंवा इंजिनिअर ही दोनच उत्तरे येतात. ते जमले नाही की मुलगा आखाताची वाट धरतो आणि मुलीसाठी स्थळे पाहणे सुरू होते. आज मी एका वेगळ्या व्यवसायाविषयी बोलणार आहे. अमेरिकेत त्याला 'फिजिकल थेरपिस्ट असिस्टंट' म्हणतात. आपण त्याला भौतिकोपचार सहाय्यक म्हणू. सहा महिन्यांचे सर्टिफिकेट घेतले की तिकडे नोकरी मिळते, असा समज काही पालकांत आहे. तो खरा नाही.

या शिक्षणाचे पहिले वर्ग १९६७ मध्ये फ्लोरिडा आणि मिनेसोटा या राज्यांत निघाले. १९६९ मध्ये पंधरा जणांची पहिली तुकडी बाहेर पडली. अभ्यासक्रम साधारण दोन वर्षांचा असतो. शरीररचना, शरीरक्रिया, हालचालींचे शास्त्र हे विषय वर्गात शिकायचे आणि सरासरी सोळा आठवडे प्रत्यक्ष रुग्णांसोबत काढायचे.

काम कसे चालते ते पाहा. अर्धांगवायू झालेल्या गृहस्थांची तपासणी थेरपिस्ट करतो आणि उपचाराचा आराखडाही तोच आखतो. त्याच्या देखरेखीखाली सहाय्यक ते उपचार रोज करून घेतो. रुग्णाला पुन्हा काय करता यायला हवे, हे आधी विचारतात. आपल्या एखाद्या बुजुर्गाला जिन्याचे काही वाटणार नाही. पण जमिनीवर बसून नमाज पढता यावी, ही त्यांची तळमळ असेल. मग सिजद्यात जाणे आणि उठणे याचे तुकडे पाडावे लागतात: घोटा, गुडघा, कंबर, तोल. एकेकाचा सराव, तोही रुग्णाला न दमवता. मध्येच पोटरी सुजली, गरम लागली तर व्यायाम थांबवून थेरपिस्टला ताबडतोब कळवायचे, कारण शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. आराखडा आपल्या मनाने बदलण्याचा अधिकार सहाय्यकाला नाही. काहींना यात कमीपणा वाटेल. मला तरी यात रुग्णाचे संरक्षण दिसते.

आता परवान्याकडे वळू. अभ्यासक्रमाला 'कॅप्टे' या मंडळाची मान्यता हवी. त्यानंतर राष्ट्रीय परीक्षा. तिचे गुण २०० ते ८०० या मापात देतात आणि उत्तीर्ण व्हायला ६०० लागतात. परवाना मात्र ज्या त्या राज्याचा. काही राज्ये कायद्याची निराळी परीक्षाही घेतात. पुढे नूतनीकरण असते आणि बहुतेक ठिकाणी त्यासाठी शिक्षण चालू ठेवल्याचा पुरावा द्यावा लागतो.

आपल्याकडे फिजिओथेरपिस्ट व्हायचे तर पदवीच घ्यावी लागते. महाराष्ट्रात ती वर्षानुवर्षे साडेचार वर्षांची होती. राष्ट्रीय आयोगाने २०२५ मध्ये जाहीर केलेला अभ्यासक्रम पाच वर्षांचा आहे. विज्ञान शाखेतल्या मुलींच्या पालकांनी याचा अवश्य विचार करावा. आपल्या घरांतल्या कितीतरी बायका गुडघेदुखी अंगावर काढतात, कारण परपुरुषाकडून उपचार घेण्याचा त्यांना संकोच वाटतो.

परदेशी अभ्यासक्रमाची फी भरण्याआधी मात्र दोन प्रश्न लेखी विचारा. कॅप्टेची मान्यता आहे काय? आणि या शिक्षणावर कोणत्या राज्याच्या परीक्षेला बसता येते? उत्तर तोंडी मिळाले तर पैसे खिशातच ठेवा.